दुकानं मिटल्यावर

सिमरोलची शेवटची बस गेली की मी
रात्र सराफ्यातच काढते, लॅपटॉप मांडीवर घेऊन.
दिवसा इथे तराजू, कसोटी, पावती;
आठनंतर त्याच ओट्यांवर गराडू तळायला पडतात
आणि बाहेरगावचा माणूस विचारतो, सोन्याचा बाजार कुठला?
मी म्हणते, उभे आहात तोच.

माझाही तारा असाच. म्हणजे एक नाही, दोन:
एक दिसतो, एक दिसत नाही,
आणि दिसणाऱ्याचं अंग सुटून
दुसऱ्याभोवती घिरट्या घालत तापत जातं.
उपग्रहाला तो फेब्रुवारीत भडकलेला दिसला.
डोंगरावरच्या दुर्बिणीला तीच उसळी
काही सेकंद मागाहून, फिक्या निळ्यात.
नंतर तीन रात्री वहीत नुसतं ढग, ढग, ढग.
आणि क्ष-किरण ऐन भरात असताना
रेडिओच्या तबकड्या गप्प.
टकसाळे सर म्हणाले, उपकरण तपासा.
तपासलं. गप्पच.
"मग गप्प हीच नोंद. लिही."

तीन आलेख एकाखाली एक ठेवते.
काळाचा अक्ष तेवढा सामाईक;
बाकी कुणाचं कुणाशी पटत नाही.

दीड वाजता कढया उतरतात.
पालिकेचा टँकर यायच्या आत
गेंदाबाई येते, मऊ कुंचा घेऊन,
सोनारांच्या उंबऱ्यांच्या फटी झाडते.
घमेल्यात काजळी, जलेब्याचा चुरा, एक बटण, केस.
यात काय दिसतं, मावशी?
"दिसत काही नाही गं," माळवी मिसळलेली मराठी तिची,
"आधी पाणी, मग तेजाब, मग आच.
पाण्याला जे कळतं ते आचेला नाही कळत."
पंधरवड्याच्या धुळीतून गव्हाएवढा दाणा.
कधी तोही नाही.

मला त्या रात्री ऊर्जेच्या सगळ्यात वरच्या पट्टीत
चारशे बारा फोटॉन मिळाले,
आठ हजार वर्षं चालून आलेले.
त्यातले साठ पार्श्वभूमीचे. वजा.

टँकर आला. आम्ही दोघी पाय वर घेऊन
ओट्यावर बसलो. पाणी गेलं.
"तुझा तो न दिसणारा," ती म्हणाली,
"नुसता खातोच का?"
सांगणार होते, कधीकधी थुंकतो, दोन्ही अंगांनी,
उजेडाच्या बरोबरीने धावेल असं,
आणि तेव्हाच रेडिओ बोलतो.
पण तिने घमेलं उचललं होतं.

एप्रिलच्या अकराला तबकड्यांना आवाज आला.
पहाटे चार सत्तावन्न. नोंद केली.
गेंदाबाईला सांगायचं राहिलंय.