गळती

कबासो कोकोचा डबा काखेत मारून आला तेव्हा
मी शाळामास्तरांच्या रेडिओचं पोट उघडून बसलो होतो.
"फुंडी, हा सकाळी गातो आणि दुपारी खोकतो."
ऑक्टोबरात किटवेला कोण खोकत नाही, मी म्हटलं,
खाणीची धूळ, वर हे ऊन.
तो हसला नाही. पाणी मागितलं.

डबा मीच बनवलेला. आत दोन ट्रान्झिस्टर,
जर्मेनियमचे, खाणीच्या भंगारातल्या टेलिफोनमधून उपसलेले:
शेंगदाण्याएवढ्या काचेच्या कुप्या, वरून काळा रंग.
चाळीस तपासले तेव्हा हे दोन हाती लागले.
बाकीचे काही मुके, काही निव्वळ चाळण्या.

लोकांना वाटतं, चांगला म्हणजे न गळणारा.
पण माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं.
ह्यांनाही थोडं पाझरू द्यायचं,
एवढंच, की दुसऱ्याच्या पायावर साडेचार व्होल्ट उभे राहतील,
नऊच्या मधोमध, तराजूच्या काट्यासारखे.
मग तार छेडली की लाट चढत जाते,
छत जवळ येतं,
आणि जर्मेनियम तिचं डोकं आपटू देत नाही,
मान जराशी वाकव म्हणतं.
त्या वाकलेल्या मानेचा आवाज कबासोला हवा असतो,
गिटारची कळ उतरवली की
पुन्हा माणसासारखा बोलणारा.

ऊन वाढलं की गळती वाढते.
काटा कलतो. सूर तुटक येतात,
वाक्याचा शेवट गिळून टाकतात.
म्हणून कबासो डबा बारच्या बर्फपेटीत ठेवायचा,
बियरच्या बाटल्यांच्या कुशीत,
आणि वाजवायच्या आधी शर्टाला पुसून घ्यायचा.

एकदा मी सिलिकॉनचे घालून दिले,
बॅटरीची टोकं उलटी फिरवून.
ऊन असो, पाऊस असो, बोलणं एकच.
लाटेचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट,
कडा अशी धारदार की दात शिवशिवावेत.
त्याने तीन सूर वाजवले, डबा परत केला.
"हा खोटं बोलत नाही," म्हणाला,
"पण ऐकूनही घेत नाही."

पुन्हा जुनेच बसवले.
हवा खेळावी म्हणून डब्याला खिळ्याने भोकं पाडली,
मोजून एकवीस.

शनिवारी वुसाकिलेच्या हॉलमध्ये
वरची ट्यूबलाइट पेटली आणि डबा गुणगुणू लागला.
कबासोचे हात तारांवर नव्हतेच.
वायर हलवून पाहिली, बॅटरी बदलली.
मग मी खाली वाकलो, माझी सावली डब्यावर पडली,
आणि गुणगुण थांबली.

पहिल्या कुपीचा रंग खरवडला गेला होता, नखाएवढा.
उजेड आत जात होता.
सेकंदाला शंभरदा मंद होणारा तो दिवा,
आम्हाला न दिसणारं त्याचं मिचकावणं
तो ऐकत होता.

त्या रात्री मी स्टेजवर उकिडवा बसून राहिलो,
डब्यावर तळवा धरून.
एका गाण्याच्या मधे कबासोने पायाने माझा हात बाजूला सारला,
आणि सूर त्या गुणगुणीला टेकवून थांबला.
मागच्या बाकावरचा बायको-पोरांसह आलेला ड्रिलर
बाटली तोंडाशी नेता नेता तसाच राहिला.

काळ्या रंगाची डबी सोमवारी आणली.
झाकण अजून घट्ट आहे.
कबासो विचारतो तेव्हा मी
मास्तरांच्या रेडिओत डोकं घालतो.