ट

मास्तरांनी फळ्यावर खार लिहिलं
आणि त्याच्या शेपटाला ट लावला. खारट.
मग आंबट, तुरट, मळकट, धुरकट.
आगरवाड्याच्या शाळेत चौथीला आम्ही अकराजण,
अकराही तोंडांत शब्दांची चव.

'ट म्हणजे पुरतं तसं नव्हे,' मास्तर म्हणाले,
'अंगाला लागलेलं.
धुरकट म्हणजे धूर नव्हे, चुलीवर टांगलेला सदरा.'
आणि लिहिलं: ताप. तापट.

सोयरूनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच.
गावात हा शब्द एकाच माणसाच्या मालकीचा होता,
पुरसो मांद्रेकर. माझा बाप.
ज्यानं म्हापशाच्या व्यापाऱ्याचं खोटं माप
शापोऱ्यात भिरकावलं,
आणि भरतीनं ते परत आणलं तेव्हा
पुन्हा भिरकावलं.
जो देवळातल्या पावणीतून तरातरा उठला, वहाणा विसरला,
आणायला जायचं नाही म्हणून
अख्खा उन्हाळा मिठावर अनवाणी चालला.
त्याचा आवाज चढला की आई
चुलीवरचं सरळच असलेलं भांडं
सरळ करायची.

संध्याकाळी बांधावर जाऊन मी सांगून टाकलं:
ताप अधिक ट.
त्यानं मीठ ओढायची फळी टेकवली.
मी एक पाऊल मागे.
'ताप खरो,' म्हणाला. 'पूण ट कोणाचो?'

मला येत नव्हतं.
त्यानं तापवणीकडे बोट केलं.
खाडीचं पाणी आधी तिथं उभं करतात.
तिथं ते खाडीचं राहत नाही,
मीठही झालेलं नसतं.
'हात घाल.'
घातला. वर गार दिसणारं आभाळ, खाली कढत.
'किती दिवस असं?'
'ऊन आसा तितले.'
आणि फळी ओढायला लागला.

आता पणजीत मी कोशाची मुद्रितं तपासते.
तापट: शीघ्रकोपी, जमदग्नी.
जटा असलेले शब्द, कमंडलू घेतलेले.
त्यांच्या टाचांना भेगा नाहीत,
भेगांत मीठ नाही.
मी काही खोडत नाही. चुकीचं नाहीच ते.

शेवटच्या आठवड्यात त्याला ताप आला,
नुसता ताप, ट नसलेला.
पेज खारट झाली होती, तरी बोलला नाही.
आई सवयीनं भांड्यापाशी गेली
आणि हात तसाच धरून
उभी राहिली.