कुणी सांगितलं?

ते अकरा सेकंद माझेच.
पिठाची पोती उतरवून मी दाराशी टेकलो होतो,
लमारा कमरेपर्यंत भट्टीत वाकलेली,
विहिरीत पडलेला पोहरा शोधावा तशी,
आणि कणीक आतल्या भिंतीला थापताना
तिचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले.
सपाता गळून पडल्या.
एक मोजा तांबडा, एक पोपटी.
बस्स, एवढंच. मी हसलो, पाठवून दिलं.

त्याआधी तिच्या पावाची कीर्ती
कुताइसीत पायी फिरायची.
रिओनीचा पूल ओलांडायला तिला सात वर्षं लागली.
बसवाला नुगझार सुईणीला बोलला,
सुईण एका बाळंतिणीच्या सासूला,
आणि ती सासू कुणाचंच चांगलं बोलत नसे
म्हणून तिच्या बोलण्याला वजन.
प्रत्येक तोंडाने आधी खाल्लं होतं,
मग सांगितलं होतं.
नवा चेहरा दिसला की लमारा पाव देण्याआधी विचारायची,
कुणी सांगितलं?
नाव ऐकलं की म्हणायची, गुडघा कसा आहे त्याचा?

मग आले ते.
वॉर्सातून, सोलमधून, तिबिलिसीहून गाड्या भरभरून.
कुणी सांगितलं? तिने विचारलं.
त्यांनी पडदा दाखवला: एक्केचाळीस लाख.
ती म्हणाली, हो, पण नाव?

हल्ली अंगठा बोलतो.
त्याला ना जीभ, ना दाढ.
चटका तेवढा कळतो त्याला,
आणि काच काही भाजत नाही.

पाव फळीवर गार होत राहिले, ओढून ठेवलेल्या होड्यांसारखे,
लोक उकिडवे बसून तिचे पाय टिपत राहिले.
आजी, अजून एकदा उडा ना.
बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणतात;
मी तर तिचे गहू ठेवले बाजूला
आणि मोजे विकले.

राजधानीतून खरोखरच मोज्यांची कंपनी आली.
करारात कलम होतं: पाय किमान वीतभर वर.
मला वाटलं, ही आता कागद भट्टीत घालणार.
तिने सही केली.
पैशातून धुराडं नवं बांधलं, नातवाचे दात सरळ करून घेतले.
म्हणाली, वाखो, तोंड पाडून बसू नकोस,
पोपटीचा जोडीदार सापडला नव्हता म्हणून तांबडा घातला,
जगाला त्यात काय दिसलं ते जग जाणे.

फक्त दारावर खडूने लिहिलं:
आधी खा.
गरम पाव दोन्ही हातांत, बोटं पिठाने माखलेली,
आणि पिठाच्या अंगठ्याला फोन ओळख देईना.
तेवढी तीन-चार मिनिटं
माणसं एकमेकांकडे बघत, चावत उभी राहायची.
दुसरं काही करताच येत नसे.

ऑक्टोबरात बातुमीचा एक बोकड शिडी चढला
आणि सगळे तिकडे गेले.
न खपलेल्या मोज्यांचे खोके कंपनीने तिच्याच दारात टाकले;
त्या थंडीत आमची अख्खी गल्ली
दोन रंगांच्या पायांनी हिंडली.

फेब्रुवारीत, बर्फाचा चिखल झालेला,
झेस्टापोनीच्या ट्रकमधून एक मुलगी उतरली.
फोन खिशातच.
एक पाव, म्हणाली, कडा करपलेला.
लमाराने भट्टीतून डोकं वर काढलं.
कुणी सांगितलं?

मुलगी जरा गोंधळली.
मावशीने. ती उन्हाळ्यात आली होती इथे, काहीतरी बघायला,
काय ते तिला आता आठवत नाही.
म्हणाली, पूल यायच्या आत संपला.

लमाराने पुढच्या कणकेत मधोमध अंगठा रुतवला,
जिथून वाफ बाहेर पडते,
आणि विचारलं,
नाव काय मावशीचं?