खिडकी उघडी ठेवून

बाहेर उणे सव्वीस.
ताउनोनं खिडकी सताड उघडली आहे,
कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून
टेबल सरकवलंय थेट थंडीच्या तोंडाशी.

पाच पॉइंट एक. चाललं.
पाच पॉइंट दोन. पंख्याचा सूर चढला.
व्होल्टेज चिमूटभर वाढवलं,
मिठासारखं, चव घेत घेत.

तीस वर्षं कागदाच्या कारखान्यात
रोलरपाशी तळहात धरून सांगायचा तो,
आज मशीनला किती मीटर झेपतील.
कारखाना बंद झाला. तळहात राहिला.

पाच पॉइंट तीन.
एक मिनिट. चार.
मग पडदा निळा, पंखा क्षणभर गप्प,
आणि छपरावरून बर्फ घसरल्याचं
ऐकू आलं.

दारात राइली. अंगात ओव्हरकोट, पायांत लोकरी मोजे.
"त्याला गार ठेवायला मला गोठवतोस?
आणि एवढ्या वेगानं त्याला जायचंय तरी कुठे?"

जायचं कुठेच नव्हतं.
बघायचं होतं फक्त, अजून किती उरलंय.
पण हे तिला कसं सांगायचं, ते सुचेना.

खिडकी लोटून
तो मुकाट पाच पॉइंट दोनवर परत आला.
राइलीनं थिजलेली बोटं
पंख्याच्या मागच्या झोतात धरली.
थोड्या वेळानं म्हणाली,
"जरा वाढव की."