छाट

जिन्याखाली, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांआड
एक सतरंजी मावते.
तिच्यावर तिसरीतली चार मुलं आणि मी, रोज पंचवीस मिनिटं.
बाकीचा वर्ग वर धडा वाचतो,
त्याचा गलका पायऱ्या उतरत आमच्यापर्यंत येतो.
यादीत या चौघांच्या नावापुढं लिहिलंय : अक्षर स्तर.
मी यादी त्यांना दाखवत नाही.
त्यांना माहीत आहे.

पहिल्या दिवशी बोट ठेवून विचारलं, हे काय?
लावण्या म्हणाली, नाकु रादु.
मल्लू म्हणाला, गोत्तिल्ल.
उमेरा म्हणाली, मेरेकू नै आता.
नागेश काहीच म्हणाला नाही,
सांडलेला एक दाणा दातांनी फोडत राहिला.
मराठी त्यांच्याकडं येते ती शाळेच्या वेळेत,
गणवेश घालून.

लावण्या तर घडाघडा वाचायची.
अख्खं पान, स्वल्पविरामाला श्वास घेऊन.
मी खूश.
मग एकदा सहज चित्रावर तळहात ठेवला.
ती थांबली.
म्हणाली, मॅडम, हात काढा की, दिसत नै.

दोन वर्षं हिनं ऐकून, आठवून,
चित्रातल्या बकरीचा कान धरून निभावलं होतं.
केवढी हुशारी लागत असेल
न वाचता वाचायला.

मग आम्ही मागं गेलो.
क च्याही मागं, जिथं नुसता आवाज असतो.
टाळ्या वाजवून शब्द फोडले :
च. ट. णी. तीन टाळ्या.
शें. गा. दोन.
भा. क. री.
मल्लूला भूक लागली.

उमेराला ळ येईना. डोळा म्हणजे डोला, फळा म्हणजे फला.
लावण्यानं आपल्या घरचा ळ आणला,
जीभ कशी उलटी वळवायची
ते तोंडात बोट घालून दाखवलं.
हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

भिंतीपलीकडं टॉवेलचे माग चालतात.
वाटलं, त्या ठेक्यावर अक्षरं बसवावीत.
छे. माग फार घाईत असतो
आणि आम्हांला एका वेलांटीला
अख्खा सोमवार लागतो.

धागा तुटला की नायना माग बंद करतो,
नागेश म्हणाला.
गड्ड्याची जत्रा उठून गेली होती तेव्हा,
आणि हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.
तेव्हापासून कुणी अडलं की आम्ही सगळे बंद.
कुणी पुटपुटायचं नाही, कुणी पुढं ढकलायचं नाही.
मल्लूला हे फार अवघड जातं,
तो दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतो.

फेब्रुवारीत लावण्याची आई आली,
नखांत तंबाखू, हातात विडीचं कार्ड.
म्हणाली, काल पोरीनं यातलं वाचलं.
लावण्यानं पुन्हा वाचून दाखवलं, बोट सरकवत :
छा.
ट.
दोन टाळ्या. शेजारी एकशे चाळीस.

एकवीस वर्षं रोज हा शब्द तिनं ऐकलाय,
खिडकीपलीकडून, परत आलेल्या विड्यांसोबत.
आकडा तिला कळतो.
शब्द तिनं पाहिला नव्हता.
कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.
इतकंच आहे होय, म्हणाली,
दोनच अक्षरं?

मला वाटलं होतं, पहिला शब्द आई असेल, घर असेल,
काहीतरी गोड.

संध्याकाळी यादी काढली.
तिघांपुढचं 'अक्षर' खोडून 'शब्द' लिहिलं.
चौथ्या नावाशी पेन आलं
आणि मला तो विडीवाल्या खिडकीतला माणूस दिसला.
पेन मिटलं.

आज नागेश घ आणि ध च्या मधोमध उभा आहे.
वर घंटा होऊन गेली.
मल्लूनं तोंड दाबून धरलंय.
आमचा माग बंद आहे.