वेबिल

सत्तावीस वर्षं मी भोकं पाडली.
चोपडा डेपो. बिल्ल्याचा नंबर विसरलो,
पण पंचाचा आवाज अंगठ्यात राहिलाय :
टक, अडावद. टक, धानोरा. टक टक, यावल.
तिकिटाच्या मधोमध कधी मारला नाही,
भोक नेहमी कडेला.

नर्सबाईंनी सुई हातात दिली, म्हणाल्या,
बोटाच्या टोकाला नको, दुखतं. कडेला टोचा.
म्हटलं, बाई, हे तर माझंच खातं.

आकडे जुन्या वेबिलांवर लिहितो,
रद्दीत एक गठ्ठा उरला होता.
टप्प्याच्या रकान्यात वेळ,
प्रवाशांच्या रकान्यात साखर,
शेऱ्यात जेवण.
कळण्याची भाकर एक, भरीत, कांदा : १४८.
साडूकडे शेवभाजी, पोळ्या चार, वर आग्रहाची जिलबी : २६१.
शेरा खोटा लिहायचा नाही.
चेकर मीच,
आणि ह्या चेकरला चहा पाजून
गप्प करता येत नाही.

बाभळीचा काटा
दोन दिवस तळपायात बसून होता, विनातिकीट.
मला पत्ता नाही.
फरशी पुसता पुसता इंदूनं विचारलं,
हे रगत कोणाचं?
मग ड्रायव्हर सुपडूनं आणून दिला
कुठल्याशा भंगार गाडीचा साइड मिरर.
निजण्याआधी तो जमिनीवर ठेवतो,
वर एकेक पाय धरतो,
बोटांच्या बेचक्यांतून सावकाश
गाडी मागं घेतल्यासारखं बघतो.
सकाळी पाय घालायच्या आधी
चपलेत हात.

वैशाखात पारा पंचेचाळीस, दुपारी वीज नाही.
इन्सुलिनची बाटली डब्यात, डबा माठात,
माठाला बाहेरून ओलं फडकं, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात.
बर्फात ठेवू नका, एकदा गोठलं की गेलं,
हे मी हिलालअण्णाला तीनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा त्यानं माठ घेतला.

आखाजीला लेकी आल्या. दारात झोका, पाटीभर आंबे.
मी सुई घेऊन बसलो
आणि आगारी टाकायला उशीर झाला.
आधी घाम. वाटलं, ऊन आहे.
मग हात थरथरले, वाटलं, वय आहे.
मग मी धाकटीला थोरलीच्या नावानं हाक मारली
आणि तिनं काही न विचारता
तीन चमचे साखर पाण्यात ढवळून
पेला तोंडाला लावला.
पंधरा मिनिटं थांबलो. पुन्हा टोचलं. ८४.
त्या वर्षी पितरांच्या आधी मी जेवलो.
पितर काय,
त्यांना कुठं जायची घाई असते?
रसाची वाटी अर्धीच घेतली. तेही लिहिलंय.

आज सकाळी इंदूला म्हटलं, बोट दे.
माले काय व्हयेल शे, म्हणाली,
आणि भांडी घासत राहिली.
तिच्या आईचा पाय गेला होता.
भावाला आता माणसं आवाजावरून ओळखावी लागतात.
जन्मभर ही माझ्या पासावर फिरली,
धुळं, शिरपूर, माहेर, लग्नकार्यं,
एकदाही तिकीट काढलं नाही.
म्हटलं, ह्या गाडीत पास चालत नाही.

हसली. हात धुतला, पदराला कोरडा केला,
अनामिका पुढं केली, तोंड चुलीकडं फिरवून.
टक.
यंत्र पाच, चार, तीन म्हणेस्तोवर
आम्ही दोघं काही बोललो नाही.
११८. उपाशीपोटी.
म्हणजे?
म्हणजे गाडीत बसलेली नाहीस अजून,
पण स्टॅण्डवर येऊन उभी आहेस.
डॉक्टरकडं एकदा नीट तपासून घेऊ.
आणि संध्याकाळी माझ्यासोबत
जिनिंगच्या फाटकापर्यंत चाल. भरभर.
भाजीवालीशी बोलत उभं राहायचं नाही.

वेबिलावर पट्टीनं एक रकाना वाढवला.
वर तिचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात
तिनं माझ्या रकान्यावर ओलं बोट ठेवलं.
आणि हे आजचं? म्हणाली.
कोरं कसं?