पुरा डोंगा

सुटीवर आलो की पहिल्या रात्री
अंगणात माणसं जमतात. प्रश्न तोच:
"नऊ लाखात भेटते काय बे, सात दिवसात?"

सांगतो.
एक सोनेरी कार्ड. ते टेकवलं की सरकणारी काच.
काचेपलीकडे वेगळा तलाव, वेगळी खानावळ,
वेगळी लिफ्ट, जिच्यात दुसरं कोणी चढत नाही.
आणि मी.
घंटी वाजली की रात्री तीनलाही मी.
उशा सहा प्रकारच्या, त्या मीच आणून देतो.

यमुनामामी म्हणते, "उशा सहा अन् डोस्कं एकच?"
हेमराज मनातल्या मनात हिशेब मांडतो,
नहराच्या पाण्याची बांधी येईल म्हणतो, पाऊण एकर तरी.
"समुद्र तं सगळ्यायले तोच दिसत असंन ना?"
तोच दिसतो, मामी.
जरा उंचावरून.

पण खोटं कशाला बोलू.
एकदा पाहुणे उतरले होते, पुढचे चढायचे होते,
चादरी बदलून झाल्या आणि मी त्या सूटच्या गच्चीत बसलो.
अकरा मिनिटं.
खाली तीन हजार माणसं ताटं घेऊन रांगेत,
वर नुसता वारा.
आम्ही सात जण एका खोलीत वाढलो,
एवढी मोकळी शांतता मला कोणी दिली नव्हती.
पैसे असते तर मीही घेतला असता तो सूट.
हे अंगणात सांगत नाही.

बाला मात्र दुसरी गोष्ट सांगितली, सगळे गेल्यावर.
ते सूट सगळ्यात वर असतात, पार पुढच्या टोकाला.
समुद्र उसळला की जास्त तेच हलतात.
एक बाई होत्या, सत्तरीच्या,
एकट्याच, पण दोघांचे पैसे भरून आलेल्या.
त्या रात्री मी हिरव्या सफरचंदाच्या फोडी नेल्या, आल्याची बिस्किटं नेली.
पलंगाचा काठ घट्ट धरून त्यांनी विचारलं,
"तू कुठे झोपतोस?"
अगदी खाली, म्हटलं. पाण्याच्या रेषेखाली,
जहाजाच्या मधोमध, चौघांच्या खोलीत.
"तिथे हलतं?"
फारसं नाही.
बाई हसल्या, मग पुन्हा ओकल्या.
मग म्हणाल्या, "दार उघडं ठेव."
कार्डाशिवाय न उघडणारं ते दार
पहाटेपर्यंत सताड उघडं,
आणि मी उंबऱ्याशी बसून. नियमात नव्हतं.

बा जाळं विणत ऐकत होता. गाठ मारली, दातानं दोरा तोडला.
"मंग? रिकामा डोंगा डोलतेच.
एक ठेकेदार आला होता, तेंदूपानाचा.
म्हणे, पुरा डोंगा माहा, कोनाले घेऊ नोको.
वीस मानसायचे पैसे मोजले त्यानं.
धारेत आलो तं काठ धरून बसला, रामराम करत.
म्हटलं, साहेब, वजन नाई ना.
वापस येताना त्यानंच हाका मारल्या,
बाजाराच्या बाया घेतल्या, कोंबड्या,
एक सायकल, ते बी पंचर."

मग विडी विझेपर्यंत काही बोलला नाही.

दोन वर्षं झाली, वैनगंगेवर पूल झाला.
एसटी तीन मिनिटांत पार होते.
डोंगा करंजीला बांधलेला, तळाशी पाणी,
पाण्यात करंजीची पानं.
सकाळी बानं ते वाटीनं उपसलं,
मला म्हणाला, "चाल, बस."
घाटावर कोणी नव्हतं.
पलीकडच्या घाटावरही नव्हतं.
"आता पुरा डोंगा तुयाच," म्हणाला. "भाडं नाई घेत."

पुलावरून एक ट्रॅक्टर गेला, गाणं लावून.
आम्ही धारेत आलो तशी डोंग्यानं कूस बदलली.
बानं वल्हं आत घेतलं,
मागच्या टोकावरून उठला
आणि वाकत वाकत येऊन माझ्याजवळ बसला.
वजनासाठी, म्हणाला.